वाईनला औषधाचा मान कशासाठी?

हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला. द्राक्ष उत्पादकांचे हित हा त्यामागचा एक मुद्दा होता आणि त्यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकते. पण त्याच ओघात वाईन म्हणजे दारू नव्हे आणि थोडी घेतली तर हृदयाला चांगली, हेही ठासून सांगितले गेले. हा दुसरा भाग घातक आहे.

१५० मिली वाईनमध्ये साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असते. ४५ मिली व्हिस्कीतही जवळपास तेवढेच. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही.

हृदयाची ही गोष्ट लोकप्रिय झाली ती १९९० च्या दशकात. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, याचे श्रेय तांबड्या वाईनला दिले गेले. मग तिच्यातल्या रेझव्हेरॅट्रॉल या घटकाचे गोडवे सुरू झाले. प्रत्यक्षात लिटरभर वाईनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते, तर प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम दिले जाते. शिवाय अशा अनेक अभ्यासांत ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेल्याने थोडी पिणारे अधिक निरोगी भासले. चीनमधील पाच लाखांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासाने २०१९ मध्ये ही गाठ सोडवली. दारू सोसण्याची क्षमता ठरवणाऱ्या जनुकांच्या आधारे तुलना केली, तेव्हा पक्षाघातापासूनचे कथित संरक्षण नाहीसे झाले. दारूबरोबर धोका वाढतच गेला.

वाद पूर्ण मिटलेला नाही, हे मान्य करायला हवे. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या २०२४ च्या अहवालात मध्यम पिणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. मात्र त्याच अहवालात स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवले, आणि २०२३ मध्ये संघटनेने सुरक्षित प्रमाण असे काही नाही, हे स्पष्ट केले.

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यात, या चर्चेचा अर्थ आणखी बदलतो. इथली दारू मोहाची. भिल्ल आणि पावरा समाजांत ती देवाला, पूर्वजांना वाहिली जाते. लग्नात, होळीत तिला मान आहे. त्या प्रथेला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. आणि गरिबाच्या दारूला व्यसन म्हणायचे, श्रीमंताच्या वाईनला आरोग्य, हा दुजाभावही नको.

या मातीने दारूचा हिशेब स्वतःच मांडला होता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी ‘आप’ धर्माची हाक दिली. एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, आंघोळ करून आरतीला जमायचे, दारू सोडायची. हजारो आदिवासी त्यांच्या मागे गेले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेले. पुढे १९७० च्या दशकात शेजारच्या शहाद्यात श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. मजुरी दारूत गेली की चूल पेटत नाही आणि अंगावर मार बसतो, हे त्या भोगत होत्या. हृदयाला होणाऱ्या फायद्याच्या कुठल्याही आलेखात ही किंमत धरलेली नसते.

इथे सिकलसेल या रक्ताच्या आजाराचाही प्रश्न आहे. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासींमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. दारूने शरीरातले पाणी कमी होते आणि पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना सुरू होतात. दारू फोलेटही कमी करते, ज्याची या रुग्णांना आधीच जास्त गरज असते. पुण्यातल्या धडधाकट माणसासाठी लिहिलेला ‘एक ग्लास चालतो’ हा सल्ला मोबाइलवरून सातपुड्यातल्या अशा तरुणापर्यंत पोचतो, तेव्हा तो त्याला दवाखान्यात नेऊ शकतो.

म्हणून वाईन विकायची असेल तर सरकारने ती महसुलाच्या आणि शेतीच्या नावाने विकावी, आरोग्याच्या नावाने नव्हे. सिकलसेल तपासणीनंतर रुग्णाला समजावताना मोहाची असो, देशी असो की वाईन, दारू टाळण्याचा सल्ला त्याच्या बोलीत द्यावा. आशा कार्यकर्तीला त्यासाठी भिलोरी आणि पावरीतली सचित्र पत्रके मिळायला हवीत.