आवाज शेवटच्या रांगेपर्यंत

आमच्या विहारात वर्षावासात दररोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने, म्हणजे ऐन पावसाचे दिवस! पत्र्यावर पाऊस कोसळत असतो आणि तेवढ्यात लाईट जाते. दोन वर्षांपूर्वी असेच झाले. मी मेणबत्तीच्या उजेडात घसा ताणून वाचत होतो. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाईंनी मला मध्येच थांबवले.

“पोरा, वाचतोस का पुटपुटतोस? तुम्ही घरी जाऊन पुस्तक उघडाल. मला अक्षर येत नाही. माझं पुस्तक म्हणजे हे कान!”

सगळे हसले. मी मात्र हसू शकलो नाही. पुढच्या रांगांत बसणारे आम्ही सगळे शिकलेले. ज्यांच्यासाठी वाचन ठेवले, त्या आयाबाया मागे बसतात आणि त्यांच्यापर्यंत आवाजच पोहोचत नाही. मग हे वाचन कोणासाठी?

लाऊडस्पीकर भाड्याने आणावा, तर रोजचे भाडे परवडत नाही आणि लाईट गेली की तोही मुका. तेव्हा वस्तीतला आयटीआय झालेला एक मुलगा म्हणाला, “काका, बॅटरीवर चालणारी पेटी आपणच बनवू.” मी पडलो बी.कॉम. कारकून. मला जमाखर्च कळतो, सर्किट कळत नाही. पण पुढे लक्षात आले, की या पेटीचे शास्त्रही बरेचसे जमाखर्चाचेच आहे.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची घेतली. यूपीएसमध्ये असते तीच, पाणी न घालावी लागणारी. बारा साते चौऱ्याऐंशी, म्हणजे ८४ वॅट-अवर ही आपली शिल्लक. पण अशी बॅटरी दरवेळी तळापर्यंत उपसली, तर लवकर मरते. म्हणून निम्मीच, ४२ खर्चायची. बोलण्याच्या आवाजाला पेटी सरासरी सहा वॅट खाते, असे धरले तर सात तास चालते. आपले वाचन एका तासाचे.

बाजारात अँप्लिफायरच्या पट्टीवर ‘२०० वॅट’ असे छापलेले असते. त्याला भुलू नका. १२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला फार तर १८ वॅट स्वच्छ मिळतात, ८ ओहमला त्याच्या निम्मे. उरलेले वॅट फक्त खोक्यावर! आम्ही ‘क्लास डी’ प्रकारची, टीपीए ३११६ चिप असलेली छोटी पट्टी घेतली. जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर बरीच वीज उष्णतेत घालवतो. या प्रकारात बहुतेक वीज आवाजासाठीच वापरली जाते. बॅटरीवर चालवायचे, तर हीच काटकसर महत्त्वाची.

स्पीकर घेताना वॅटपेक्षा त्याची ‘सेन्सिटिव्हिटी’ विचारा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. तो ३ ने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी वीज पुरते. म्हणजे ९३ डेसिबलचा स्पीकर १० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढे वाजायला ९० डेसिबलच्या स्पीकरला २० वॅट लागतील. आम्ही सहा इंची, ४ ओहमचा घेतला.

पेटी १२ मिलिमीटर प्लायवूडची. उंची १२ इंच, रुंदी ९, खोली ८. नुसता स्पीकर हातात धरून वाजवा, आवाज पोकळ येतो. कारण त्याच्या पाठीमागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. पेटी हवाबंद केली, की ही भांडणे मिटतात. सांधे फेव्हिकॉलने बुजवले आणि आत जुन्या उशीचा कापूस भरला. बॅटरीला मात्र तळाशी वेगळा कप्पा करून त्याला भोके ठेवली. चार्जिंग बिघडले तर अशा बॅटरीतून ज्वलनशील वायू निघू शकतो, तो कोंडून राहू नये. शिवाय वजन तळाशी असल्याने पेटी कलंडत नाही.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. पहिल्याच दिवशी घाईघाईत मी बॅटरीच्या वायरी उलट्या जोडल्या. क्षणात धूर निघाला आणि पट्टी गेली. माणसे जमलेली, माझा चेहरा पडलेला. तो मुलगा एका शब्दानेही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नवी पट्टी आणली आणि एकाच बाजूने बसणारा प्लग लावला. “काका, आता चूक करायची म्हटली तरी करता येणार नाही,” एवढेच म्हणाला. माणसाला दोष देण्यापेक्षा व्यवस्था सुधारावी, हे मी त्याच्याकडून शिकलो.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवा. बॅटरीच्या धन टोकाजवळच ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. वायरी एकमेकींना चिकटल्या तर आग टळते. या प्रकारच्या पट्टीत स्पीकरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला कधीही जोडू नका. माइकचा आवाज फार क्षीण असतो, त्यासाठी प्रीअँपची छोटी पट्टी वेगळी लागते. आणि पेटी नेहमी माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवली की शिट्टी सुरू.

चार्जर १२ व्होल्टच्या सीलबंद बॅटरीसाठीचाच, आपोआप बंद होणारा घ्या. वर्षावास संपला म्हणून पेटी माळ्यावर टाकून विसरू नका. दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा, नाहीतर पुढच्या आषाढात बॅटरी मेलेली सापडेल. ज्यांना परवडते त्यांनी लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्यावी, ती हलकी आणि जास्त टिकाऊ. पण तिला तिचे संरक्षक सर्किट आणि तिचाच चार्जर हवा.

कायद्याचेही भान ठेवू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार लाऊडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर वाजवता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. आपली पेटी विहाराच्या चार भिंतींत ऐकू यावी एवढीच. शेजारी दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला त्रास झाला, तर आपण काय वाचले?

खर्चाचा कागद आम्ही विहाराच्या फळ्यावर लावला, जळालेल्या पट्टीसकट. ती रक्कम माझ्या नावावर! आता पेटी मुलींच्या अभ्यासवर्गाला जाते, महिला मंडळाच्या बैठकीला जाते. पूर्वी मागे बसून गप्प राहणाऱ्या दोघी-तिघी माइक हातात घेऊन बोलू लागल्या आहेत.

गेल्या वर्षावासात पुन्हा लाईट गेली. वाचन थांबले नाही. आत्याबाईंनी हात वर केला. मला वाटले, आवाज कमी पडला. त्या म्हणाल्या, “ऐकू येतंय रे. पण कालचं ते पान पुन्हा वाच. मला त्यातलं एक पटलं नाही.”

बंधू-भगिनींनो, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, की तिथून प्रश्न परत येतो. त्यासाठीच तर पेटी बनवायची!