चाळीस वर्षांची मुदत

ॲस्बेस्टॉसच्या धंद्यातील कामगारांविषयी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी जो निकाल दिला, त्यात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले गेले, आणि त्यासोबत कारखानदारांस एक कारकुनी वाटणारा हुकूमही झाला: प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीचे दप्तर तो कामावर रुजू झाल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत, जपून ठेवावे. तत्त्वाची वाहवा पुष्कळ झाली. आमच्या मते निकालाचे मर्म या रुक्ष कलमातच आहे.

मेसोथेलिओमा हा कर्करोग घाई करीत नाही. ॲस्बेस्टॉसचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे आत जातात, शरीरास ते विरघळवता येत नाहीत, आणि फुप्फुसाच्या किंवा क्वचित उदराच्या पातळ आवरणात रुतून बसले म्हणजे वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षांनीही रोग डोके वर काढतो. विडी-सिगारेटशी त्याचा संबंध नाही. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेहतीस रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, तेव्हा खाणीत कधीही काम न केलेली, केवळ खाणींच्या परिसरात वाढलेली माणसेही त्यांत निघाली. रुग्णाचे बालपण कोठे गेले, हे कोणीतरी खोदून विचारले म्हणूनच हे उघडकीस आले.

आपल्याकडे हे विचारतो कोण? दम लागतो, छाती दुखते, फुप्फुसाभोवती पाणी साचते. क्षयाने ग्रासलेल्या या देशात अशा माणसास प्रथम क्षयाचीच औषधे मिळाली तर नवल नाही. केसपेपरवर व्यवसायापुढे ‘मजूर’ एवढा एकच शब्द पडतो. गाझियाबाद-फरिदाबादच्या बाजूस जुनी शेड उतरवताना विजेच्या कटरने सिमेंटचा पत्रा कापणारा बिगारी तोंडाला गमछा बांधतो, ज्याच्या विणीतून हे तंतू बिनदिक्कत आत शिरतात, आणि संध्याकाळी तोच गमछा घरी झटकतो. त्याला ना मस्टर, ना वैद्यकीय तपासणी. मुकादम तेवढा असतो, तोही पुढल्या कामावर बदलतो. कारखान्यापुरता दिलेला हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचावा कसा?

आणि कारखान्यातल्यांचे तरी काय? १९८० साली रुजू होऊन १९९० साली बाहेर पडलेल्या माणसाच्या दप्तराची मुदत या हिशेबाने २०२० सालीच संपली. रोगाची मुदत मात्र अजून चालू असेल. नुकसानभरपाईच्या कायद्याने हा रोग व्यवसायजन्य मानला आहे. पण दावेदाराने पुरावा म्हणून पुढे करायचा कागद मालकाने कायदेशीरपणे रद्दीत घातलेला असला, तर कायद्याची ही उदारता कोणत्या कामाची?

सरकारने १९८६ साली खाणींचे नवे पट्टे देणे थांबवले, पण परदेशी ॲस्बेस्टॉस येतच राहिले, आणि साठाहून अधिक देशांनी हद्दपार केलेला पदार्थ येथे छपरांवर राजरोस चढतो. बंदी आम्हांस हवीच. परंतु आज बंदी झाली तरी श्वासात गेलेले तंतू परत येणार नाहीत, म्हणून दप्तर जपण्याची मुदत कामगाराच्या हयातीपर्यंत वाढवावी, त्याची नक्कल त्याच्या हाती द्यावी, बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळाने पाडकामाच्या नोंदी ठेवाव्यात, आणि दिल्लीची कर्करोग-नोंदणी सांभाळणाऱ्या एम्सने, व तिच्यामागून राजधानी परिसरातील प्रत्येक रुग्णालयाने, फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णास त्याने आयुष्यभर काय काय कामे केली हे तपशिलाने विचारून लिहून घ्यावे.