‘तात्पुरते’ म्हणजे नेमके किती दिवस?

रेल्वे फलाटावर एकटे सापडलेले तीन वर्षांचे मूल, किंवा आई रुग्णालयात आणि वडील तुरुंगात असल्याने उघड्यावर पडलेली भावंडे. अशा मुलांना 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे, असे बाल न्याय अधिनियम, 2015 सांगतो. सामाजिक तपासणी 15 दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, या मुदतीही कायद्यात आहेत. प्रत्यक्षात घाई होते ती मुलाला संस्थेत पोहोचवेपर्यंतच. तिथे खाट मिळाली की यंत्रणा निर्धास्त होते आणि ‘तात्पुरती सोय’ लांबत जाते.

शासनाच्या दृष्टीने हा प्रलंबित प्रकरणाचा प्रश्न आहे. बालआरोग्याच्या दृष्टीने तो मेंदूच्या वाढीचा आहे. लहान मूल हसते, रडते, हात पुढे करते आणि समोरचे ओळखीचे माणूस प्रतिसाद देते. या देवघेवीतून भाषा, लक्ष आणि भावनांवरचा ताबा घडतो. पाळ्यांमध्ये बदलणाऱ्या मावश्या कितीही मायाळू असल्या, तरी एकीच्या वाट्याला अनेक मुले आली की ही देवघेव तुटते.

याचा सर्वांत ठोस पुरावा रोमानियातून आला. चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत एक लाखाहून अधिक मुले होती. पुढे बुखारेस्टमधील संस्थांतल्या 136 लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून, खास तयार केलेल्या प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक प्रगती संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली झाली आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वाधिक लाभ झाला. म्हणजे कुटुंब मिळाले की नाही, याइतकेच ते कधी मिळाले हेही महत्त्वाचे.

वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन गेलेल्यांना एक अनुभव येतो. अनोळखी पाहुण्याच्या कमरेला मुले लगेच बिलगतात. ‘किती प्रेमळ मुले!’ असे आपण म्हणतो. कोणाही परक्याला असे बिलगणे हे पुष्कळदा हक्काचे माणूस नसल्याचे लक्षण असते.

आपल्याकडे कायदा अपुरा नाही. प्रतिपालकत्वाची तरतूद त्यात आहे. ‘मिशन वात्सल्य’मध्ये कुटुंबात ठेवलेल्या मुलामागे दरमहा 4,000 रुपये आणि राज्याच्या बालसंगोपन योजनेत 2,250 रुपये ठरलेले आहेत. तयारी मात्र नाही. मूल सापडल्यावर कुटुंब शोधायचे, त्याची चौकशी करायची, त्याला समजावायचे, यात जाणारे महिने मूल संस्थेत काढते. पूर आल्यावर होडी बांधायला घेण्यासारखेच हे.

प्रतिपालक घरांतही छळ होऊ शकतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आणीबाणीआधी पारखलेली, प्रशिक्षण दिलेली कुटुंबे हवीत. घाईत शोधलेले घर संस्थेइतकेच धोक्याचे. मोठ्या मुलांसाठी, काही विशेष गरजांसाठी चांगली बालगृहेही लागतीलच.

प्रत्येक जिल्ह्यात अशा कुटुंबांची यादी कायम तयार असावी. सहा वर्षांखालील मुलांना त्यात प्राधान्य मिळावे आणि भावंडांची ताटातूट टाळावी. संस्थेत राहावे लागलेच, तर प्रत्येक मुलासाठी एक ठरावीक मावशी असावी आणि वाढीची, बोलण्याची, वागण्याची तपासणी ठरलेल्या अंतराने व्हावी. बालकल्याण समित्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रलंबित प्रकरणांचा त्रैमासिक अहवाल देतात. त्यात एक रकाना वाढवावा आणि मुलांची नावे न देता तो जाहीर करावा: मूल तात्पुरत्या निवाऱ्यात किती दिवस आहे? आपण खाटा मोजतो. आता दिवस मोजायला हवेत.