लक्ष्मीची वाट तळ्याकाठून

लक्ष्मीपूजनाच्या अक्षतांत जो तांदूळ असतो, तोच गोंदिया नगरीचे खरे वैभव होय. मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन, विडीचा धंदा आणि भाताच्या गिरण्या यांनी या गावाला शहरपण दिले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला. २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. जबलपूरचा अरुंद लोहमार्गही आता रुंद झाला. आम्ही गोंदियाकर प्रगती मोजतो ती अशा खुणांनी, आणि त्यात गैर काहीच नाही.

परंतु गिरणीत येणारे धान पिकते कशावर? त्यातील मोठा वाटा कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावांचा आहे. नवेगावबांध हे त्याचे थोर उदाहरण. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाळ राखण्याची गावाची जबाबदारी मात्र सैल झाली. गाळ साचला की साठा घटतो, सिंचन आखडते आणि तळ्याकाठी, धानशेतीत वावरणारा सारस पक्षीही विरळ होतो.

म्हणून शहराच्या पुनरुज्जीवनाचा आरंभ वेशीबाहेरच्या तळ्यापासून व्हावयास हवा. निधी शासनाचा असो. पण राखण गावाची आणि श्रमाचा वाटा शहराचाही असावा. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरेल, दंडारी रंगतील. त्या मेळ्यातच तलावातील गाळ काढण्याचा संकल्प व्हावा. जलपूजनाविना लक्ष्मीपूजन अपुरेच राहील.