दत्तक चालतं, दिसायला नको

डोंबिवलीत मूल दत्तक घेतलं म्हणून आता कुणी नाक मुरडत नाही. उलट पेढे मागतात, ‘फार मोठं काम केलंत’ म्हणतात, एखादी काकू कौतुकाने ओटीसुद्धा भरते. अट एकच, आणि ती कुणी तोंडाने बोलत नाही: मूल तुमच्यासारखं दिसायला हवं. म्हणजे दोन-तीन वर्षांनी बिल्डिंग बदलली की विषय संपला. आमच्या लेकीने ही सोय ठेवली नाही. तिचे डोळे बारीक, नाक बसकं, गाल रुंद, रंग पिवळसर गोरा. आम्ही दोघं कोकणातले, चांगले रापलेले. तिघं मिळून फडके रोडवर निघालो की समोरून येणारा माणूस आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, मग जरा जास्त वेळ माझ्या नवऱ्याकडे.

ती ईशान्येकडच्या एका राज्यात जन्मली. कुठल्या, ते मी लिहिणार नाही. ती तिची माहिती आहे, तिला वाटेल तेव्हा आणि वाटेल त्याला ती सांगेल. तसंही आमच्याकडे एवढी बारीक चौकशी कुणाला नको असते. उत्तरं तयार असतात: नेपाळी, चिनी, नाहीतर वॉचमनची. चौथं उत्तर मला लेडीज डब्यात मिळालं. ठाणं सुटल्यावर शेजारच्या बाईने आवाज खाली आणून विचारलं, “हिचे पप्पा तिकडचे का?” स्वरात इतकी सहानुभूती होती की माझ्या चारित्र्याला तिने मनातल्या मनात माफीही देऊन टाकली असावी. “दत्तक आहे,” म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. मुंब्रा यायच्या आत तिने हात जोडले होते: “केवढं पुण्य केलंत हो!”

या पुण्याचा मला उबग आलाय. आम्हाला मूल हवं होतं, इतकी ती स्वार्थी गोष्ट आहे. त्यासाठी अर्ज केला, कागद जमवले, गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेला घर, पगार आणि आमची भांडणंसुद्धा दाखवली, आणि रांगेत उभे राहिलो. आज ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंद केलेल्या इच्छुक पालकांचा आकडा तीस हजारांच्या वर आहे. 2024-25 या वर्षात त्यांच्यामार्फत देशात-परदेशात मिळून दत्तक गेली 4515 मुलं. आता उपकार कोण कुणावर करतंय ते सांगा. आणि ज्या घरात मुलीला रोज कुणीतरी सांगतं की तुझ्या आईबापांनी तुझ्यावर पुण्य केलं, त्या घरात तिने पानात भाजी टाकायची की नाही? हट्ट करायचा की नाही? दार आपटून ‘मला नाही बोलायचं’ म्हणायचं की नाही? ती म्हणते, देवाच्या कृपेने.

लपवायची खोड आपली जुनी. दत्तक म्हणजे गादीला वारस आणि पिंडाला मुलगा. तोही भावाचा, चुलतभावाचा, निदान कुळातला. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली बडोद्याचा सयाजीराव झाला तो गायकवाडांच्या भाऊबंदांतला होता म्हणूनच. मुलगी दत्तक घेता येईल असं हिंदू कायद्यात लिहून यायला 1956 साल उजाडलं. पुढे मध्यमवर्गाने संस्थेतून मूल आणायला सुरुवात केली, पण चोरून. पोटाला उशी बांधून वावरलेल्या, बाळंतपणाच्या नावाखाली चार महिने परगावी जाऊन राहिलेल्या बायकांच्या हकिकती दत्तक पालकांच्या मेळाव्यात अजून ऐकू येतात. त्यांना मी हसत नाही; सासरचा धाक काय असतो ते मला ठाऊक आहे. पण त्यांच्या सोयीसाठी ‘आमच्या रंगाचं द्या हो’ ही मागणी इतकी रुळली की कुणाला तिची लाजच वाटेना. 2015च्या नियमांतही सहापर्यंत मुलं दाखवायची सोय होती, साडीच्या दुकानात घड्या मोडाव्यात तशी. 2017 पासून एका वेळी एकच मूल दाखवतात. चांगलं केलं.

कायदा आपल्या बराच पुढे गेलाय. बालन्याय कायद्याच्या 63व्या कलमानुसार आदेश झाला त्या दिवसापासून मूल त्या आईबापांचंच, जणू त्यांच्याच पोटी जन्मलेलं, वारसाहक्कासकट. त्याच वेळी मोठं झाल्यावर स्वतःचं मूळ शोधायची मुभाही दत्तक नियमांनी मुलाला दिली आहे. म्हणजे मुलाला खरं माहीत आहे असंच कायदा गृहीत धरतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मात्र एका सद्गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सुचवलं होतं, “तिला एवढ्यात सांगू नका.” काय सांगू नका? तिच्या खोलीत आरसा आहे.

ज्यांना लपवता येणं शक्यच नव्हतं अशा घरांची एक मोठी पिढी जगात होऊन गेली. चीनने 1992 पासून परदेशी कुटुंबांना मुलं दत्तक दिली आणि 2024च्या सप्टेंबरात ते दार जवळजवळ बंद केलं. मधल्या काळात दीड लाखाहून जास्त मुलं बाहेर गेली, निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेत. बहुतेक मुली, कारण एकच मूल ठेवायची सक्ती आणि तो मुलगाच हवा. हे गणित आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या मुली गोऱ्या आईबापांच्या घरी लाडात वाढल्या. मोठ्या झाल्यावर त्यांतल्या कितीतरी जणी स्पष्ट बोलू लागल्या: तुम्ही म्हणत राहिलात की आम्हाला रंग दिसतच नाही, वर्गात सगळ्यांना दिसत होता, आणि घरी येऊन तक्रार करायची सोय तुम्ही ठेवली नाही. माझ्या नणंदेचं आवडतं वाक्य आहे, “आम्हाला तर काही फरकच वाटत नाही बाई.” ते वाक्य आमच्या घरात आता बंद आहे. फरक आहे. तो नाकारायची मोठेपणाची हौस मोठ्यांची, तिचा हप्ता भरायचा मुलीने.

हप्ता कसा भरला जातो ते सांगते. शाळेच्या गॅदरिंगला शिवरायांवर नाटुकलं होतं. माझ्या लेकीला जिजाऊ व्हायचं होतं. संवाद तिला पाठ, आवाज खणखणीत, ‘शिवबा’ म्हणताना मान अशी वळवते की आमचं मांजरसुद्धा दचकतं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, “बाळा, तुझा चेहरा त्या रोलला सूट नाही होत ना.” आणि तिला देशोदेशीच्या नाचात हातात कागदी पंखा देऊन उभं केलं, चीन म्हणून. जिजाऊंचा फोटो बाईंनी कुठे पाहिला होता, हे विचारायला मी गेले. उत्तर मिळालं, “तुम्ही फार मनाला लावून घेता.”

बिल्डिंगखालची पोरं तिला ‘मंच्युरियन’ म्हणतात. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या गाडीवर चायनीज भेळ आणि शेजवान चटणी चोपडलेला वडापाव हीच पोरं हादडतात, तेव्हा जिभेला देश आठवत नाही. त्यांच्या आया म्हणतात, “मुलं आहेत, चालायचंच.” 2020च्या एप्रिलात सांताक्रूझजवळ एका मणिपुरी मुलीवर दुचाकीवरचा माणूस करोनाच्या दिवसांत थुंकला, तोही कधीतरी कुणाच्या तरी बिल्डिंगखाली खेळणारा मुलगाच असेल. ईशान्येकडच्या आदिवासी माणसाला ‘चिंकी’ म्हणणं अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, असं केंद्रीय गृहखात्याने राज्यांना 2012 सालीच कळवलंय. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पार्किंगचे नियम मात्र दर महिन्याला नवे लागतात.

पाडव्याची शोभायात्रा ही डोंबिवलीची महाराष्ट्राला देणगी, 1999 पासूनची. त्याचा मलाही अभिमान आहे. गेल्या खेपेला माझी लेक लेझीम पथकात होती. नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर. एक भगिनी मोबाइल पुढे करत ओरडल्या, “अय्या, चायनीज बाहुली नऊवारीत!” आणि तिची हनुवटी धरून फोटो काढू लागल्या. पथकातल्या बाकीच्या मुलींच्या हनुवटीला त्यांनी हात लावला नाही. लेकीने लेझीम खाली घेतली आणि म्हणाली, “काकू, बाजूला व्हा ना, आमची ओळ मोडते.” काकूंना त्यातलं एवढंच ऐकू आलं: “अगंबाई, मराठी बोलते!”

हे कल्याण-डोंबिवली. आनंदीबाई जोशी आमच्याच कल्याणच्या, असं आपण छाती काढून सांगतो. 1865 साली इथे जन्मलेली ही मुलगी 1883 मध्ये अमेरिकेत उतरली तेव्हा थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईने तिला घरात घेतलं. आनंदी तिला मावशी मानायची. 1886 मध्ये डॉक्टर झाली, 1887च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. तिच्या अस्थी त्या कार्पेंटरबाईकडे गेल्या आणि त्यांनी त्या अमेरिकेतल्या पकिप्सीला आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवल्या. वेगळा रंग, वेगळा धर्म, अंगावर लुगडं. तरी दगडावर नाव कार्पेंटर कुटुंबात. ‘ही कोणावर गेली?’ असं त्या घराला कुणी विचारलंही असेल, पण उत्तर त्यांनी दगडात कोरून ठेवलंय. आपण आनंदीबाईंची जयंती साजरी करतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला वॉचमनची समजून लिफ्टमधून उतरायला सांगतो. हो, हेही झालंय. आणि वॉचमनच्या मुलीलाही लिफ्टमधून का उतरावं लागावं, हा प्रश्न सभेत मी विचारला तेव्हा विषयपत्रिकेत बसत नाही म्हणून टाळला गेला.

तुमच्यापैकी कुणी आत्ता कारासाठी अर्ज भरत असाल, तर त्यात कुठल्या राज्यातलं मूल हवं असा पसंतीचा रकाना येईल. प्रवास झेपत नाही, रजा मिळत नाही म्हणून महाराष्ट्र निवडलात तर माझं काही म्हणणं नाही. पण मूल आपल्यात खपून जावं, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून निवडणार असाल, तर अर्ज तिथेच थांबवा. ज्याला लपवायचंय अशा घरात कुठल्याच राज्यातलं मूल पाठवू नये.