धाब्याचं घर आणि वारसा समिती
आमच्या संग्रामपुरात जुनं धाब्याचं घर पाडलं की सागवानी तुळया आधी विकल्या जातात. परवा एक कोरीव चौकट ट्रॉलीत उताणी पडलेली पाहिली. तिच्यावर हळदी-कुंकवाची बोटं अजून दिसत होती. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं कुणी हेच ठरलेलं नाही. मुंबईत ते १९९५ साली ठरलं. विकास नियंत्रण नियमावलीच्या ६७व्या नियमानं वारसा संवर्धन समिती आली: अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी, सोबत वास्तुविशारद, संरचना अभियंता, पर्यावरणतज्ज्ञ, शहराच्या इतिहासाचा अभ्यासक. परवानगी पालिका आयुक्तच देतात, समितीचा सल्ला घेऊन. वारसा यादीतल्या पहिल्या श्रेणीच्या वास्तूत अगदी गरजेपुरतीच डागडुजी, दुसरीत आतले बदल चालतात, तिसरीत आणखी मोकळीक. यादीत नाव घालण्याआधी जाहीर सूचना निघते, मालकाची हरकत ऐकली जाते. मला ही पायरी सगळ्यात मोलाची वाटते. घर त्याचं, पावसाळ्यात गळणारं धाबंही त्याचंच. आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजाच्या राजवाड्याला राज्याच्या आणि लोणारच्या दैत्यसूदन मंदिराला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. साध्या घरांचं काय? नगरपंचायतीला एवढे तज्ज्ञ मिळणं कठीण, म्हणून जिल्ह्यासाठी मिळून एक समिती हवी. तोवर निदान यादी तरी करू या: गल्ली, घराचं वय, फोटो, आणि चौकट कोणत्या सुतारानं कोरली ते. हे सांगणारी म्हातारी माणसं अजून ओसरीवर बसलेली आहेत.