बिल आलं, पण दुकान कुठं आहे? ग्रामपंचायतीचा नवा पुरवठादार तपासायचा कसा

गोंदिया : गावात एलईडी दिवे लागतात, शाळेला बाकं येतात, हातपंपाचं सामान येतं, ब्लिचिंग पावडरच्या थैल्या उतरतात. ग्रामसभेत विचारणा होते ती वस्तूची. दिवा दोन महिन्यांत कसा गेला, बाक का हालतो. पण माल दिला कोणी, त्याचं दुकान कुठं आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या यादीत कोणाच्या सांगण्यावरून आला, हे क्वचितच कोणी विचारतं. धानाचं बियाणं घेताना शेतकरी दुकानदार कोण, पावती पक्की की कच्ची हे दहादा पाहतो. गावाच्या पैशाच्या वेळी ती सवय कुठं जाते कोणास ठाऊक.

पैसा लहान नाही. 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 80 टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना ठरला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला. हा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून होतो. पोर्टल 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालं. चेकबुकाचे दिवस त्यामुळे मागे पडले. आता ज्याला पैसे द्यायचे त्याची आधी पोर्टलवर नोंद करावी लागते. नाव, पॅन किंवा जीएसटी क्रमांक, बँक खातं, आयएफएससी कोड. मग ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच यांची डिजिटल सही लागली की रक्कम खात्यात जमा.

म्हणजे खरी वेळ नोंदणीच्या दिवसाची आहे. एकदा पुरवठादार यादीत बसला की पुढची बिलं त्याच खात्यावर जात राहतात, आणि तो कोण हे पुन्हा कोणी पाहत नाही. लेखापरीक्षण होतं, पण ते खर्च झाल्यावर. तोवर दुकानाचं शटर कायमचं बंद झालेलं असू शकतं, आणि वसुलीची नोटीस सरपंच-ग्रामसेवकाच्या नावाने निघते.

बँक पकडेल, असं अनेकांना वाटतं. 2010 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑनलाइन रक्कम खाते क्रमांकावर जमा होते, नाव जुळलं की नाही हे पाहणं बँकेवर बंधनकारक नव्हतं. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे घेणाऱ्याचं नाव आधी दिसण्याची सोय द्यायला बँकांना 1 एप्रिल 2025 ही मुदत दिली गेली. घरचा व्यवहार करताना ती सोय जरूर वापरावी. पण खातं खरोखर अमक्याच्या नावाचं आहे एवढंच त्यातून कळतं, त्याच्याकडे दिवे विकायला आहेत की नाही ते कळत नाही.

ते कळायला मोबाईल पुरतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’ असा पर्याय आहे. लॉगिन लागत नाही. बिलावरचा पंधरा अक्षरांचा क्रमांक टाकला की बरंच काही उघडं पडतं. तिथं दोन नावं दिसतात. एक धंद्याचं नाव, म्हणजे ‘अमुक ट्रेडर्स’. दुसरं कायदेशीर नाव, म्हणजे त्यामागचा माणूस किंवा कंपनी. गावातल्या लोकांना पहिलं नाव अनोळखी वाटतं आणि दुसरं वाचलं की लगेच ओळख पटते, असं होऊ शकतं! नोंदणी कोणत्या तारखेची, चालू आहे की रद्द किंवा निलंबित, मुख्य पत्ता कोणता, धंदा कशाचा, रिटर्न भरलेत की नाही, हेही दिसतं. नोंदणी नवी असणं हा गुन्हा नव्हे. पण नोंदणी पंधरा दिवसांची, पत्ता राहत्या घराचा आणि बिल सौर दिव्यांचं असेल, तर पैसे देण्याआधी एकदा त्या पत्त्यावर जाऊन यायला काय हरकत आहे?

क्रमांक नुसता वाचला तरी बोलतो. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे 27, मध्य प्रदेशाचे 23, छत्तीसगडचे 22. गोंदिया दोन्ही राज्यांना लागून असल्याने बालाघाट किंवा राजनांदगावचा पुरवठादार असणं नवल नाही. पण 22 क्रमांकाच्या दुकानदाराने तिकडून इथं माल पाठवला तर बिलावर आयजीएसटी हवा. सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेलं असेल तर बिल चुकीचं आहे. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. क्रमांकातलं सहावं अक्षर ‘पी’ असेल तर मालक एक व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘सी’ असेल तर कंपनी. व्यक्ती असेल तर सातवं अक्षर आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर असतं.

याचा उपयोग कोटेशनच्या वेळी सगळ्यात जास्त. खरेदीसाठी तीन कोटेशन घेतात. तिन्हींचा टाईप एक, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच, आणि दर पन्नास-शंभर रुपयांनी मागेपुढे, असं असलं तर तिन्ही दुकानांचे क्रमांक शेजारी ठेवून पाहावेत. मधली दहा अक्षरं सारखी निघाली तर मालक एकच आहे.

आणखी एक खूण. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. दुकानदार त्या योजनेत आहे का, हे त्याच संकेतस्थळावर कळतं. असल्यास आणि तरी त्याच्या बिलावर कर जोडलेला असल्यास, ती रक्कम गावाच्या खिशातून उगाच चालली आहे.

मात्र जीएसटी नाही म्हणून माणूस खोटा, असा उलटा अर्थ काढू नये. महाराष्ट्रात वर्षाला 40 लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला आणि 20 लाखांपर्यंत सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. गावातला गवंडी, ट्रॅक्टरवाला, मुलांना गणवेश शिवून देणारा बचत गट या मर्यादेत येतात. त्यांना कागदाच्या भीतीने बाजूला सारायचं आणि बाहेरचं मोठ्या शिक्क्याचं बिल डोळे मिटून मंजूर करायचं, हा प्रकार जास्त घातक आहे. गवंड्याला तर गाव ओळखतं. त्याच्याकडून पॅन, रद्द केलेला चेक आणि कामाचा फोटो घेतला तरी पुरे. मुरूम-रेतीवाल्याकडून मात्र रॉयल्टीची पावती मागायलाच हवी.

मोठ्यांचीही फसगत होते. गुगल आणि फेसबुक या कंपन्या तैवानच्या क्वांटा कंपनीकडून माल घेत होत्या. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कासने लॅटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली आणि 2013 ते 2015 या काळात खोटी बिलं पाठवून दोघींकडून 12 कोटी डॉलरच्या आसपास रक्कम उकळली. डिसेंबर 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. नाव ओळखीचं होतं, खातं वेगळं होतं. म्हणून जुन्या पुरवठादाराने ‘आता खातं बदललंय’ असं कळवलं तर व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर बदल करू नये. आधीपासून असलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन लावावा.

आपल्या राज्यातलं उदाहरण देवरी, सालेकसाच्या लोकांना जवळचं वाटेल. आदिवासी विकास विभागाच्या 2004 ते 2009 या काळातल्या योजना आणि खरेदीची चौकशी निवृत्त न्यायाधीश एम. जी. गायकवाड यांच्या समितीने केली. मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर 2014 मध्ये समिती नेमली गेली आणि अहवाल आला 2017 मध्ये. अनियमितता सापडल्या, पण तोवर खरेदीला दशक लोटत आलं होतं. ज्याच्या नावाने वस्तू घेतली त्याला त्या अहवालाचा काय उपयोग?

एप्रिल 2023 मध्ये ई-ग्रामस्वराज सरकारच्या जेम पोर्टलशी जोडलं गेलं, त्यामुळे विक्रेत्याची कागदपत्रं तपासणं काहीसं सोपं झालं. माल उतरल्यावर मोजून घेणं मात्र गावालाच करावं लागतं. आणि डोंगलचा विषय आहेच. सरपंचाची डिजिटल सही ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात राहते, हे अनेक गावांत ऐकायला मिळतं. महिला सरपंच असेल तर डोंगल घरच्या पुरुषाकडे असल्याचंही सांगतात. दोन सह्यांचा नियम यासाठी आहे की एकाने भरलेलं दुसऱ्याने पाहावं. दोन्ही डोंगल एकाच हातात असतील तर दुसऱ्या सहीला काही अर्थ उरत नाही.

पुरवठादार सदस्यांपैकीच कोणी निघाला तर? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात किंवा करारात स्वतःचा अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरू शकतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. त्यासाठी कागद हवा. ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज द्यायचा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही. अर्जात मागायचं एवढंच : चालू वर्षात नव्याने नोंदवलेल्या पुरवठादारांची यादी, नोंदणीच्या तारखा, प्रत्येकाची कोटेशन आणि बिलांच्या प्रती. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.